पारिसी : छोट्या गॉल जमातीची शीव नेमकी कशावरून आखायची?

नकाशेवाला

पारिसी जमातीचा नकाशा करतो आहे. गॉलमधली, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधली, पॅरिसभोवतीची ही छोटी जमात. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे १ सेंमीला २.५ किमी. दोन काळ दाखवायचे आहेत : इ.स.पू. ५२, सीझरच्या स्वारीची ऐन धामधूम, आणि इ.स. ३६०च्या आसपास.

एडुई, आर्वेर्नी अशा मोठ्या जमातींचं ठीक असतं. शीव दहा किलोमीटर इकडेतिकडे झाली तरी आकार बिघडत नाही. पारिसींचा मुलूखच एवढासा, की तेवढ्या चुकीत अर्धी जमात शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसते. छापील नकाशे पाहावेत तर कुणी मेलँ गाव पारिसींना देतं, कुणी त्यांना ओआझ नदीपलीकडे नेतं, कुणी सरळ एक लंबगोल काढून मोकळं होतं.

तर विचारायचं आहे ते असं. शीव कोणत्या पुराव्यावर आखायची? नाण्यांच्या सापडण्याच्या जागांवर भिस्त ठेवावी का? इ.स.पू. ५२चं लुटेशिया, म्हणजे पारिसींचं गाव, सीन नदीतल्या बेटावर दाखवू की पश्चिमेच्या नाँतेरला? आणि आलेसियाला सीझरने गॉलांना घातलेला वेढा फोडायला पारिसींच्या नावावर ८,००० माणसं लावली होती, त्यावरून लोकसंख्या काढता येईल का?

शिवधुरा

शिवेपुरतं सांगतो. सुरुवात शेवटाकडून करा. आधी इ.स. ३६०चा नकाशा पुरा करा आणि मग मागे या. उलट गेलात तर अंदाजावर अंदाज रचत बसाल.

कारण असं. रोमनांनी गॉलमध्ये जिल्हे नव्याने पाडले नाहीत. बहुतेक जमाती होत्या तशा उचलल्या आणि प्रत्येकीची एक ‘सिविटास’, म्हणजे कारभाराचा विभाग, केला. पुढे ख्रिस्ती धर्म आला तेव्हा सिविटासच्या मुख्य गावी बिशप बसला आणि त्याचा अधिकार सिविटासच्या शिवेपर्यंत चालला. चर्चला जमिनीच्या उत्पन्नाचा दशमांश वसूल करायचा असे, त्यामुळे कोणतं गाव कुणाचं हे शतकानुशतकं काटेकोरपणे पाळलं गेलं. म्हणून पॅरिसचा जुना धर्मप्रांत हा पारिसींच्या मुलखाचा सर्वांत चांगला ठसा आहे. मात्र तो १७९०च्या आधीचा घ्यायचा. फ्रेंच राज्यक्रांतीत धर्मप्रांत नव्या जिल्ह्यांच्या मापाने कापले गेले. आजचा पॅरिस धर्मप्रांत घेतलात तर हातात एक शहर उरेल, जमात नाही. जुन्या प्रांताचे तीन विभाग होते : पॅरिस, जोझास आणि ब्री. तिघांची मिळून बाहेरची कड घ्या.

आता ही कड ताडून पाहण्याच्या जागा, नद्यांच्या क्रमाने.

सीनवर वरच्या अंगाला : कोर्बेल पॅरिसच्या धर्मप्रांतात, मेलँ सांसच्या. सांस म्हणजे सेनोनीस जमातीचं आगेडिंकुम. आणि सीझर मेलँचा (त्याच्या लेखी मेट्लोसेडुम) उल्लेख ‘सेनोनीसचं गाव’ असाच करतो. एक पुरावा इ.स.पू. ५२चा, दुसरा अठराव्या शतकातल्या चर्चच्या दप्तरातला, आणि दोन्ही एकच सांगतात. त्यामुळे मेलँ पारिसींना देणारे नकाशे बिनदिक्कत बाजूला ठेवा. शीव कोर्बेल आणि मेलँ यांच्या मधे.

मार्नवर : लान्यी पॅरिसकडे, मो शहर स्वतंत्र बिशपाचं. मो म्हणजे मेल्दी जमातीचं इआंटिनुम. तेव्हा शीव या दोहोंच्या मधे.

ओआझवर : पाँत्वाझ रुआँच्या आर्चबिशपाकडे होतं. रुआँ हे वेलिओकासीस जमातीचं मुख्य ठिकाण आणि त्या भागाचं ‘वेक्सँ’ हे नाव त्याच जमातीवरून पडलेलं. पारिसींना ओआझ ओलांडू देऊ नका.

सीनवर खालच्या अंगाला : सँ-जर्मँ-आँ-ले पॅरिसकडे, प्वासी शार्त्रकडे, म्हणजे कार्नुटीसकडे. मधे अजूनही जंगल आहे. जंगल ही गॉलमध्ये नेहमीचीच शीव. शेतं दोन्ही बाजूंनी संपत आली की मधला पट्टा कुणाचाच नसे.

दक्षिणेला एतांप सांसकडे, उत्तरेला लुझार्श पॅरिसकडे आणि त्यापुढे साँलीसचा धर्मप्रांत.

ही पद्धत फसते कुठे? जिथे रोमन काळाच्या उत्तरार्धात जुन्या सिविटासचे तुकडे झाले तिथे. इ.स. ४००च्या सुमाराची गॉल प्रांतांची यादी आहे, ‘नोतितिया गॅलिआरुम’. तिच्यात सांसच्या प्रांतात सात सिविटास दिल्या आहेत : सांस, शार्त्र, ओसेर, त्र्वा, ऑर्लेआँ, पॅरिस, मो. यांतली ओसेर आणि ऑर्लेआँ ही सीझरच्या वेळी स्वतंत्र जमातींची ठाणी नव्हती; पहिलं सेनोनीसमधून कापलेलं, दुसरं कार्नुटीसमधून. धर्मप्रांतावरून थेट इ.स.पू. ५२ गाठायला जाल तर ‘ऑर्लेआँ जमात’ नावाचं भूत नकाशावर उभं राहील. पारिसींच्या बाबतीत असा तुकडा पडलेला नाही, हे आपलं नशीब. पण शेजारी सावधपणे लिहा. साँलीसच्या सिल्वानेक्टीसांचं नाव सीझर कुठेच घेत नाही, म्हणून इ.स.पू. ५२च्या पत्र्यावर (नकाशाच्या त्या तावावर) उत्तरेला त्यांचं नाव ठळक टाकू नका. ३६०च्या पत्र्यावर जरूर टाका.

शीव रेघेने दाखवू नका. तुमच्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर १२५ मीटर. एवढी अचूकता या विषयात कुणाच्याच बापाकडे नाही. जिथे दोन्ही बाजूंची गावं ठाऊक आहेत तिथे ४ किमीचा पट्टा द्या, कागदावर १६ मिमी. जंगलात आणि पठारावर तो आणखी फुगवा.

जाता जाता : रोमन प्रांताची ही रचना इतकी चिवट, की पॅरिसचा बिशप १६२२पर्यंत सांसच्या आर्चबिशपाच्या हाताखाली होता. फ्रान्सच्या राजधानीला स्वतःचा आर्चबिशप मिळायला तेवढा वेळ लागला.

टांकसाळ

नाण्यांवर शीव आखू नका. कारण साधं आहे, पण नकाशे करणारे हटकून विसरतात.

पारिसींचे म्हणून जे सोन्याचे स्टेटर प्रसिद्ध आहेत त्यांच्यावर जमातीचं नाव नाही. एका बाजूला कुरळ्या बटांचा चेहरा. दुसऱ्या बाजूला घोडा, आणि त्याच्यावर जाळं पसरावं तसा ठिपक्यांचा चौकड्यांचा पंखा. वजन सुमारे ७ ग्रॅम. ही नाणी पारिसींची, हे कशावरून ठरलं? मुख्यतः ती पॅरिसच्या आसपास सापडतात म्हणून. आता तीच नाणी घेऊन ‘इथपर्यंत पारिसी होते’ म्हटलं की वर्तुळ पूर्ण झालं. पुरावा आणि निष्कर्ष एकमेकांच्या खांद्यावर बसलेले.

दुसरं म्हणजे सोनं फिरतं. स्टेटर हे बाजारहाटाचं नाणं नाही. सैनिकाचा मोबदला, सरदाराला नजराणा, देवाला वाहिलेलं द्रव्य, असा त्याचा प्रवास. एक ठेवा शिवेपलीकडे सापडला म्हणून शीव सरकत नाही. तुम्हाला नाणी दाखवायचीच असतील तर हलक्या किमतीची पाहा, काशासारख्या मिश्रधातूची ओतीव किंवा ब्राँझची. ती जिथे पाडली त्याच्या आसपास जास्त घुटमळतात. तीसुद्धा एकेकटी न मोजता एकाच जागी पाच-दहा सापडली असतील तरच ठिपका द्या, आणि खोदकामात सापडलेली व शेतात धातुशोधकाने उचललेली वेगळ्या खुणेने दाखवा. दुसऱ्या प्रकारात ‘सापडलं कुठे’ याचं उत्तर बऱ्याचदा सोयीचं असतं, खरं असेलच असं नाही.

नाण्यांवरून सांगता येतं ते वेगळंच. या गॉल स्टेटरांचा मूळ नमुना मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा स्टेटर, साधारण ८.६ ग्रॅमचा. अपोलोचं डोकं आणि दोन घोड्यांचा रथ. नकलेची नक्कल होत होत रथ गेला, एक घोडा उरला आणि वजन ७ ग्रॅमवर आलं. इतक्या लहान जमातीकडे इतकं देखणं, जड सोनं होतं हा मुद्दा नकाशात नसला तरी टिपेत लिहा. तो नदीवरच्या व्यापाराकडे बोट दाखवतो.

नकाशेवाला

शिवधुरा, मेलँचा दाखला एकदम पटला. टांकसाळ, नाणी वेगळ्या पत्र्यावर काढतो, शिवेच्या खाली नाही.

ओआझबद्दल एक अडचण. रोमन मार्गसूचीत पाँत्वाझ (ब्रिवा इसारे) ते लुटेशिया अंतर १५ दिलं आहे, आकड्याआधी मैलाची खूण. १५ रोमन मैल नकाशावर टाकले तर पाँत्वाझ पॅरिसच्या फारच जवळ येतं. गाव चुकीचं ओळखलं गेलं आहे का?

शिवधुरा

गाव बरोबर आहे, एकक चुकलं. खूण मैलाची असली तरी गॉलच्या या भागात आकडे बहुधा ‘ल्यूगा’चे असतात. ल्यूगा हे गॉलांचं माप, दीड रोमन मैल, २.२२ किमी.

हिशेब करून बघा. १५ मैल × १.४८ = २२.२ किमी. पाँत्वाझ ते सीनमधलं बेट हे सरळ रेषेतच २८ किमीच्या वर भरतं. रस्ता सरळ रेषेपेक्षा आखूड असू शकत नाही, म्हणजे मैल बाद. १५ ल्यूगा × २.२२ = ३३.३ किमी. वळणावळणाच्या रस्त्याला हे बरोबर बसतं.

हीच चाळणी प्रत्येक टप्प्याला लावा. आधी सरळ रेषेतलं अंतर, मग दोन्ही एककं. खरा रस्ता सरळ रेषेच्या साधारण सव्वापटीपर्यंत जातो. त्याहून फार जास्त आलं तर नक्कल करणाऱ्याने एखादा X किंवा V जास्तीचा लिहिला असण्याची शक्यता धरा. रोमन आकड्यांत V आणि II यांची गल्लत हस्तलिखितांत पावलोपावली होते.

आणि नावातच पुरावा आहे. ‘ब्रिवा’ म्हणजे गॉल भाषेत पूल, इसारा म्हणजे ओआझ. ओआझवरचा पूल, आणि तोच शिवेवर. गावांच्या नावांत आणखी दोन गोष्टी शोधत चला : लॅटिन ‘फिनेस’, म्हणजे हद्द, आणि त्याच अर्थाचा गॉल ‘इकोरांडा’. पहिल्यातून रेमी आणि सुएसिओनीस यांच्या मधलं फीम आलं, दुसऱ्यातून आँद आणि नाम्नेटीस यांच्या मधलं लुआरकाठचं आँग्राँद. फक्त आजच्या स्पेलिंगवर जाऊ नका. जुन्यात जुना लेखी उल्लेख मिळाला आणि तो फिनेसशी जुळला तरच घ्या. ‘फँ’सारखा आवाज असलेली निम्मी नावं भलत्याच मुळाची निघतात.

पाणवाट

लुटेशिया बेटावर की नाँतेरला, याचं उत्तर सीझरचा सरदार लाबिएनुस याच्या इ.स.पू. ५२च्या मोहिमेच्या वाटेत शोधावं लागतं. ती पावलापावलाने नकाशावर टाका, मग कुठे काय अडतं ते दिसेल.

लाबिएनुस चार लेजिअन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) घेऊन सांसहून निघाला. इटलीहून नुकती आलेली भरती त्याने सामानाच्या राखणीला सांसलाच ठेवली. पारिसी आणि शेजारी यांनी सेनापती नेमला कामुलोगेनुस, औलेर्की जमातीचा, वयाने पार थकलेला पण युद्धात मुरलेला. त्याने सीनला मिळणाऱ्या एका सलग दलदलीमागे सैन्य उभं केलं. लाबिएनुसने फांद्यांच्या ताट्या आणि भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग रात्रीच्या तिसऱ्या प्रहरात, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर, तो गुपचूप आल्या वाटेने मेलँला परतला.

ही दलदल कोणती? काही नकाशे ती पॅरिसला खेटून असलेल्या बिएव्र ओढ्यावर दाखवतात. बिएव्रच्या मुखापासून मेलँ चाळीस किलोमीटरच्या घरात. लवाजम्यासह एवढी मजल मारून गावावर अचानक झडप घालायची, हे अंगावर येतं. एसोन नदी कोर्बेलला सीनला मिळते, तिथून मेलँ सरळ रेषेत १५ किमी. मी दलदल एसोनवर ठेवीन. शिवधुरांनी सांगितलेली शीवही तिथेच पडते, म्हणजे कामुलोगेनुस पारिसींच्या उंबऱ्यावर उभा होता.

मेलँला लाबिएनुसने सुमारे ५० नावा पकडल्या, त्या जोडून त्यांत शिपाई भरले आणि गाव घेतलं. गावकऱ्यांतले बरेच जण लढाईवर गेलेले, त्यामुळे प्रतिकार झाला नाही. मग मोडलेला पूल दुरुस्त करून तो पलीकडच्या, म्हणजे उजव्या काठावर गेला आणि प्रवाहाबरोबर खाली लुटेशियाकडे चालू लागला. खबर लागताच गॉलांनी लुटेशिया जाळलं, तिथले पूल तोडले आणि डाव्या काठावर, लाबिएनुसच्या तळासमोर येऊन बसले.

पुढचा डाव वेळापत्रकासारखा आहे. पहिला प्रहर सरता सरता ५० नावा, एकेक नाव एकेका रोमन अश्वारोही वर्गातल्या माणसाच्या ताब्यात, आवाज न करता चार मैल खाली, म्हणजे ६ किमी, जाऊन थांबल्या. त्यातल्या त्यात कच्च्या पाच कोहॉर्ट (कोहॉर्ट म्हणजे लेजिअनचा दहावा भाग) तळ राखायला. त्याच लेजिअनच्या उरलेल्या पाच मध्यरात्री सगळं सामान घेऊन, मुद्दाम गोंगाट करत, प्रवाहाच्या उलट दिशेला. छोट्या होड्याही त्याच बाजूला, वल्ह्यांचा धडाका करत. आणि तो स्वतः तीन लेजिअन घेऊन नावांपाशी. रात्री वादळ झालं, गॉलांचे पहारेकरी बेसावध सापडले, पहाटेपर्यंत सैन्य पार झालं. रोमन तीन ठिकाणी नदी ओलांडताहेत असं वाटून गॉलांनी आपलं सैन्यही तीन तुकड्यांत वाटलं. तिथेच ते हरले. उजव्या बगलेला सातव्या लेजिअनने समोरची फळी उधळली. डाव्या बगलेला बाराव्यासमोर कामुलोगेनुस होता आणि तिथे कुणी जागचं हललं नाही. सातवं लेजिअन मागून येईपर्यंत ते लढले आणि तिथेच पडले, सेनापतीसकट.

आता जागेचा प्रश्न. सीझर लुटेशियाला ‘सीनमधल्या बेटावरचं पारिसींचं गाव’ म्हणतो. पण आजच्या सिते बेटावर खोदकामात त्या काळच्या भरवस्तीच्या खुणा सापडत नाहीत. उलट नाँतेरला, सीनच्या मोठ्या वळणात, २००३मध्ये महामार्गाच्या कामात रस्ते, घरं, कारागिरांची वस्ती असलेलं गाव निघालं, निदान १५ हेक्टरचं. ते बेटापासून पश्चिमेला ११ किमीच्या आसपास. नदीने तीन बाजूंनी वेढलेली ती जीभ दुरून ऐकणाऱ्याला बेट वाटली असेल, असा युक्तिवाद केला जातो.

मला तो पुरता पटत नाही, कारण सीझरने ऐकीव लिहिलं असं म्हणता येत नाही. इ.स.पू. ५३मध्ये सेनोनीस, कार्नुटीस आणि ट्रेव्हेरी आले नाहीत म्हणून त्याने गॉलची सभा लुटेशियालाच हलवली होती. तो तिथे बसलेला माणूस आहे. त्याच वेळी नाँतेरचं गाव खोटं ठरत नाही. तेव्हा इ.स.पू. ५२च्या पत्र्यावर नाँतेरला वस्तीची भरीव खूण द्या, नाव न लिहिता. बेटावर पोकळ खूण आणि ‘लुटेशिया (सीझरनुसार)’. दोन्हीकडून बाणाने मोहिमेची वाट दाखवू नका. चार मैल बेटापासून मोजले तर नदी ओलांडल्याची जागा ग्रनेल-ओतोयकडे येते, नाँतेरपासून मोजले तर भलतीकडेच. वाट काढायची तर एकच आधारबिंदू धरा आणि तो टिपेत सांगा.

एक सापळा मुद्दाम नोंदवतो. इ.स. ३६०च्या सुमाराचं बेटावरचं, तटबंदीचं गाव हे इ.स.पू. ५२च्या बेटाचा पुरावा म्हणून देऊ नका. सम्राट जुलियनने स्वतः वर्णन केलं आहे : नदीतलं लहानसं बेट, भोवती तट, दोन्ही बाजूंनी लाकडी पूल, द्राक्षाचे मळे आणि थंडीत गव्हाच्या पेंढ्यात गुंडाळलेली अंजिराची झाडं. पण मधल्या काळात, पहिल्या ते तिसऱ्या शतकात, शहराचा मोठा भाग डाव्या काठाच्या टेकडीवर होता : फोरम, रंगमंडळ, स्नानगृहं. उत्तरकाळात शहर आक्रसून बेटावर आलं. मधला टप्पा गाळून दोन बेटं जोडली की चारशे वर्षं गायब होतात.

खानेसुमारी

८,०००बद्दल.

तो आकडा शिरगणतीचा नाही, मागणीचा आहे. आलेसियाच्या मदतीला हत्यार धरू शकणारे सगळे बोलवावेत असं गॉलांचा सेनापती वेर्सिंजेटोरिक्सचं म्हणणं होतं. सरदारांनी ते नाकारलं. एवढ्या गर्दीला शिस्त लावता येणार नाही, दाणागोटा पुरणार नाही, म्हणून प्रत्येक जमातीवर ठरावीक आकडा बसवला. एडुईंवर, त्यांच्या अंकितांसह, ३५,०००, सेनोनीस आणि कार्नुटीसवर प्रत्येकी १२,०००, पारिसींवर ८,०००, वेलिओकासीसवर ३,०००. आणि बसवलेले सगळे आलेच असं नाही. बेल्लोवाकींनी १०,०००ची मागणी धुडकावली आणि शेवटी २,००० पाठवले.

लोक करतात काय, तर हेल्वेटी या दुसऱ्या जमातीचं गुणोत्तर लावतात. तिथे सीझर एकूण ३,६८,००० देतो आणि त्यांत लढणारे ९२,०००, बरोबर एक चतुर्थांश. मग ८,००० × ४ = ३२,००० पारिसी! चूक दोन ठिकाणी. एक, ९२,००० हे लढू शकणारे सगळे, तर ८,००० हे मागितलेले. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. दोन, पारिसींनी लाबिएनुससमोर आधीच माणसं गमावली होती, त्याची वजाबाकी कुठे?

आकडा वापरायचाच तर तुलनेसाठी वापरा. सेनोनीसच्या दोन-तृतीयांश मागणी, आणि मुलूख मात्र त्यांच्या मानाने फारच लहान. काहींना हा आकडाच फुगलेला वाटतो, हस्तलिखितांत या यादीचे आकडे हललेले आहेत हेही खरं. मला तो तितका अशक्य वाटत नाही. दोन-तीन मोठ्या नद्या जिथे एकत्र येतात तिथे माणूस दाटीने राहतो. नकाशात ८,०००चं वर्तुळ काढायचं असेल तर खाली ‘मागणी, इ.स.पू. ५२’ असं लिहा. ‘लोकसंख्या’ हा शब्द नको.

शिलाक्षर

नदीचा विषय दोघांनी काढलाच आहे, तर पारिसींच्या नावाचा स्वतः त्यांच्याच माणसांनी कोरलेला लेख कुठे आहे तेही नकाशावर यावं. सिते बेटावर, नोत्र-दामच्या गाभाऱ्याखाली, १७११मध्ये आर्चबिशपांच्या दफनासाठी तळघर खणताना कोरीव दगड निघाले. आज ते क्लूनी संग्रहालयात आहेत. एका मोठ्या स्तंभाचे हे ठोकळे. लेखाचा मायना असा : तिबेरिउस सीझर ऑगस्टस असताना, सर्वश्रेष्ठ जुपिटराला, पारिसींच्या नावाड्यांनी सामाईक खर्चाने उभारला. तिबेरिउसची कारकीर्द इ.स. १४ ते ३७, म्हणजे लुटेशिया जळून शंभर वर्षंही झाली नव्हती.

लेखातली लॅटिन बघण्यासारखी आहे. ‘माक्सिमो’ऐवजी ‘माक्सुमो’, ‘पोसुएरुंट’ऐवजी ‘पोसिएरुंट’. घाईत झालेली चूक म्हणून हसण्याआधी लक्षात घ्या, की ‘माक्सुमो’ हे जुनं, भारदस्त वळण आहे, मुद्दाम घेतलेलं. ‘पोसिएरुंट’ मात्र बोलीतलं. एकाच ओळीत दरबारी पोशाख आणि घरचा उच्चार.

बाजूंवरच्या आकृती डोक्यावर नावं कोरून दिल्या आहेत, म्हणूनच या दगडांची किंमत एवढी. एका ठोकळ्याच्या चार बाजू घ्या : जुपिटर, वल्कन, मग एसुस, म्हणजे कुऱ्हाडीने झाडाची फांदी तोडणारा देव, आणि तार्वोस त्रिगारानुस, म्हणजे झाडाआडचा बैल, त्याच्यावर तीन क्रौंच. दोन रोमन, दोन गॉल, एकाच उंचीवर. दुसऱ्या ठोकळ्यावर सांबरशिंगं असलेला केर्नुन्नोस, प्रत्येक शिंगात एक गळ्यातलं कडं अडकवलेलं. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दगडावरून आता झिजून गेलं आहे, जुन्या नकलांवरून भरलं जातं. ताजा फोटो पाहून ‘एर्नुन्नोस’ लिहू नका. त्या ठोकळ्याचा खालचा अर्धा भागही हरवला आहे, त्यामुळे देव मांडी घालून बसला आहे असं जे चित्र दिसतं तो अंदाज आहे, जागेच्या मापावरून केलेला.

नकाशासाठी यातून दोन गोष्टी. ‘नौटे पारिसिआकी’, म्हणजे पारिसींचे नावाडी, हा संघ जमातीच्या नावाने आहे, शहराच्या नावाने नाही. त्यांचा वावर सीन, मार्न, ओआझच्या पारिसी पट्ट्यात धरायला हरकत नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने दिलेला व्यापाराचा मार्ग याच नदीचा : रोन-सोनने वर, थोडं जमिनीवरून, मग सीनने खाली समुद्रापर्यंत, आणि तिथून ब्रिटन दिवसाच्या आत. म्हणून नद्या शिवेच्या पट्ट्यापेक्षा गडद काढा. आणि दगड सापडला ती जागा म्हणजे स्तंभ उभा होता ती जागा नव्हे. ठोकळे पुढे बांधकामात पुन्हा वापरलेले आहेत; उत्तरकाळात बेट बांधून काढताना जुनी शिल्पं सर्रास चिरे म्हणून गेली. ‘सापडण्याची जागा’ असंच लिहा.

नकाशेवाला

सगळ्यांचे आभार. आता तीन पत्रे करतो : इ.स.पू. ५२, इ.स. ३६०, आणि नाण्यांचा वेगळा. शिवेला ४ किमीचा पट्टा, जंगलात ६.

शेवटचं एक. ३६०च्या पत्र्यावर शहराचं नाव लुटेशिया लिहू की पॅरिस? आणि कोपऱ्यात ब्रिटनमधल्या पारिसींचा छोटा नकाशा द्यावा का?

शिवधुरा

३६०च्या पत्र्यावर दोन्ही, ‘पारिसी’ वर आणि ‘लुटेशिया’ कंसात. जुलियन जुनं नाव वापरतो, पण त्याच काळाचा इतिहासकार अम्मिआनुस शहरालाच पारिसी म्हणतो. उत्तर गॉलभर हेच झालं. गावाचं नाव मागे पडलं आणि जमातीचं गावाला चिकटलं : आगेडिंकुमचं सांस, इआंटिनुमचं मो, ऑट्रिकुमचं शार्त्र. शेजारच्या गावांनाही तोच नियम लावा, नाहीतर एकाच पत्र्यावर दोन काळांची नावं मिसळतील.

पाणवाट

ब्रिटनचा कोपरा नको. प्राचीन भूगोलकार टॉलेमी हंबर नदीच्या उत्तरेला पारिसी सांगतो आणि तिथे रथासह पुरलेली माणसंही सापडतात, म्हणून दोघांना एक करायचा मोह होतो. पण गॉलमध्ये रथ बहुधा अखंड पुरत, यॉर्कशरमध्ये बहुतेक वेळा चाकं काढून आडवी ठेवत. शिवाय थडगीही पुष्कळशी वेगळ्या घडणीची. नातं असेलही, पण ते तुमच्या पत्र्यावर दाखवायला एक बाण लागेल आणि त्या बाणाला तारीख द्यावी लागेल. ती कुठून आणणार? तेवढ्या जागेत ल्यूगा, मैल आणि किलोमीटर अशी तिहेरी मोजपट्टी टाका. १० ल्यूगा म्हणजे कागदावर ८.९ सेंमी.